छोट्या गिटार अ‍ॅम्पचा आवाज घडवताना

माझ्याकडचा अ‍ॅम्प अगदी साधा आहे. १० वॉटचा, ट्रान्झिस्टरचा. पुढे साडेसहा इंची स्पीकर, वर गेन, व्हॉल्यूम, बेस आणि ट्रेबल एवढेच नॉब. गिटार शिकायला सुरुवात केलेल्या बहुतेकांच्या घरी असाच एखादा असतो. त्याचा आवाज मला पहिल्यापासून खटकत होता. क्लीनवर, म्हणजे गेन कमी ठेवून साफ वाजवताना, नाकात बोलल्यासारखा आवाज यायचा, वरच्या दोन तारा कानाला टोचायच्या, खालच्या जाड तारेला बूडच नव्हतं. गेन वाढवला की सूर मागे राहायचा आणि चरचर पुढे यायची. वाद्याच्या बाबतीत हे फार वाईट, कारण आवाज आवडेनासा झाला की हात आपोआप वाद्याकडे जायचे थांबतात.

अशा वेळी कुणीही सांगतं, मोठा अ‍ॅम्प घ्या. पण आमचं घर मिरजेत जुन्या वस्तीत, शेजाऱ्याची आणि आमची भिंत एकच. इथे ४० वॉट आणून करायचं काय? आहे त्या १० वॉटांचा व्हॉल्यूमसुद्धा मी कधी निम्म्यावर नेत नाही. म्हणून ठरवलं, आवाज नेमका कुठे बिघडतोय ते आधी शोधायचं आणि तिथेच हात घालायचा. हे सगळं सविस्तर लिहितो आहे, कारण याच वाटेवरची बरीच मुलं पहिला पैसा सर्किटवर घालतात. छोट्या अ‍ॅम्पचा आवाज मुख्यतः स्पीकर ठरवतो, स्पीकर ज्या खोक्यात बसवलाय ते खोकं ठरवतं, आणि खोकं खोलीत कुठे ठेवलंय ती जागा ठरवते. सर्किटचा नंबर त्यानंतर.

हे कशावरून? एका मित्राकडे १२ इंची स्पीकरचं वेगळं कॅबिनेट आहे, ८ ओहमचं (ओहम म्हणजे स्पीकर विजेला किती विरोध करतो त्याचं माप). माझा अ‍ॅम्प त्याच्याकडे नेला, मागची फळी काढली, आतल्या स्पीकरच्या दोन वायरी सोडवल्या आणि त्याच्या कॅबिनेटला जोडल्या. माझ्या स्पीकरवर ४ ओहम लिहिलेलं होतं. ट्रान्झिस्टर अ‍ॅम्पला जास्त ओहमचा स्पीकर लावला तर वॉट कमी मिळतात एवढंच. कमी ओहमचा लावला तर मात्र आउटपुटची आयसी (चिप) तापून जाऊ शकते. व्हॉल्व्हच्या, म्हणजे काचेच्या नळ्यांच्या, अ‍ॅम्पचा हिशेब वेगळा, तिथे ओहम जुळवावे लागतात आणि स्पीकर जोडल्याशिवाय तो चालूच करायचा नाही. असो. वायरी जोडल्या, नॉब होते तिथेच ठेवले आणि ई मेजर वाजवला. खोली भरली. जाड तारेला वजन आलं, बारीक तारांचा टोचरेपणा गेला. मित्र म्हणाला, "अरे, हा तुझाच अ‍ॅम्प ना?"

८ ओहमवर माझ्या अ‍ॅम्पचे वॉट जवळपास निम्मे झाले होते, तरी आवाज पहिल्यापेक्षा मोठा होता. याचं कारण स्पीकरची सेन्सिटिव्हिटी. १ वॉट दिल्यावर १ मीटरवर किती डेसिबल आवाज मिळतो, ते हे माप. स्वस्त छोटे स्पीकर ९० डेसिबलच्या आगेमागे असतात, गिटारचे १२ इंची स्पीकर ९७ ते १०० पर्यंत जातात. दर ३ डेसिबलला दुप्पट वॉटांइतका फरक पडतो. म्हणजे ९ डेसिबलने सरस स्पीकर एकटाच आठपट वॉटांचं काम करतो. अ‍ॅम्पवर वॉट ठळक अक्षरांत छापतात, हा आकडा मात्र विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही.

त्याच दिवशी दुसरी परीक्षा हेडफोनची. हेडफोनच्या जॅकमधून क्लीन आवाज ठीकठाक होता, पण गेनचा आवाज असह्य. गिटारचा स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्झच्या वरचं फारसं काही वाजवतच नाही. तो स्वतःच एक गाळणी असतो. हेडफोन ते सगळं वरचं ऐकवतो, म्हणून डिस्टॉर्शन, म्हणजे गेनने मुद्दाम आणलेली खरखर, तिथे उघडं पडतं. पण इतकं? त्यावरून कळलं की थोडा दोष डिस्टॉर्शनच्या सर्किटमध्येही आहे. कामाचा क्रम असा लागला: आधी फुकटातलं, मग खोकं आणि स्पीकर, आणि सर्किट सर्वांत शेवटी.

आमच्या गावात तंबोरे आणि सतारी करणाऱ्यांची अख्खी गल्ली आहे; मिरजेच्या या वाद्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. तिथे जवारी काढणाऱ्या कारागिराला काम करताना पाहिलंय. घोडीवरून कानस अगदी हलकेच फिरवायची, तार लावायची, छेडायची, कान देऊन ऐकायचं, मग पुन्हा कानस. मी अ‍ॅम्पसाठी तीच शिस्त धरली. एका वेळी एकच बदल. दर बदलाच्या आधी आणि नंतर तोच तुकडा वाजवायचा, मोबाइल त्याच खुर्चीवर ठेवून रेकॉर्ड करायचा, आणि दुसऱ्या दिवशी ताज्या कानाने ऐकायचा. मोबाइलचा माइक आवाज जसाच्या तसा पकडत नाही, पण आधीचा आणि नंतरचा फरक नक्की दाखवतो.

पहिला बदल जागेचा. अ‍ॅम्प जमिनीवर, भिंतीच्या कोपऱ्यात असायचा, मी खुर्चीवर. कोपरा आणि फरशी दोन्ही खालचे सूर फुगवतात, त्यामुळे आवाज घुमायचा. दुसरीकडे स्पीकरचे वरचे सूर टॉर्चच्या झोतासारखे सरळ समोर जातात, ते माझ्या पोटऱ्यांवर आदळायचे आणि कानापर्यंत फक्त मऊ, बसका भाग यायचा. म्हणून मी ट्रेबल वाढवून ठेवायचो, आणि समोर जमिनीवर बसलेल्या माणसाला ते टोचायचं. अ‍ॅम्प लाकडी स्टुलावर ठेवला, भिंतीपासून हातभर पुढे ओढला, पुढच्या पायांखाली रबराचे तुकडे देऊन तोंड थोडं वर केलं. ट्रेबलचा नॉब लगेच ७ वरून ४ वर आणता आला. एक पैसाही न घालता एवढा मोठा फरक पुढच्या एकाही बदलाने पडला नाही. अपवाद फक्त स्पीकरचा.

मग नॉब. जाड ई तारेचा सूर ८२ हर्ट्झचा. साडेसहा इंची स्पीकरचा नैसर्गिक कंपन-बिंदू बहुधा १०० च्या वरच असतो, त्याखाली त्याचा आवाज झपाट्याने घसरतो. मग आपल्याला तो सूर ऐकू कसा येतो? त्याच तारेत १६४ आणि २४७ ची आवर्तनंही असतात, त्यावरून कान मूळ सूर जुळवून घेतो. तेव्हा बेस १० वर नेऊन ८२ हर्ट्झ मिळणार नाहीत. स्पीकरचा कागदी शंकू, म्हणजे कोन, नुसता हेलपाटतो आणि त्याच कोनावर चाललेले मधले सूर गढूळ होतात. बेस ३ वर आणला तर खालची तार जास्त स्पष्ट आली. गेनही तसाच. घरच्या आवाजात गेन लागतो त्याहून कमीच ठेवावा आणि उजव्या हाताने जोर द्यावा, सूर तगतो.

हळू आवाजात वाजवणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. फ्लेचर आणि मन्सन या बेल लॅबच्या दोन संशोधकांनी १९३३ मध्येच दाखवून दिलं होतं की आवाज हळू असताना कानाला खालचे सूर मधल्या सुरांच्या मानाने फारच कमी ऐकू येतात, टोकाचे वरचेही थोडे कमी. आवाज वाढवला की ही दरी कमी होते. म्हणून रात्रीची नॉबची जागा आणि दुपारी घर मोकळं असतानाची जागा एक असू शकत नाही. माझ्या दोन्ही जागा मी पॅनेलवर पेन्सिलीने खुणा करून ठेवल्यात.

गिटारकडेही बघायला हवं. माझ्या गिटारचे पिकअप, म्हणजे तारांची थरथर पकडणाऱ्या चुंबकी कॉइल, तारांच्या फार जवळ होते. शेवटच्या पडद्यावर तार दाबून पिकअपच्या खिळ्यापासून तारेपर्यंतचं अंतर मोजलं आणि स्क्रू फिरवून जाड बाजूला २ मिलिमीटरपेक्षा थोडं जास्त, बारीक बाजूला २ च्या आसपास ठेवलं. आवाज जरा हळू झाला, पण प्रत्येक सूर सुटा झाला. केबलही बदलली. साध्या केबलमध्ये दर मीटरला १०० पिकोफॅरडच्या आसपास कपॅसिटन्स असतो आणि तो पिकअपच्या कॉइलशी मिळून वरचे सूर खातो. माझी केबल ६ मीटरची होती. एका खोलीत बसून वाजवणाऱ्याला ३ मीटर पुरे. जॅक नवे लावून तीच कापली.

आता भुणभुण. अ‍ॅम्पमधून सतत एक 'घूं' येत असे आणि गेन वाढवला की तो सुराच्या अंगावर यायचा. भुणभुण दोन तऱ्हेची असते. अर्थिंगच्या गडबडीची ५० हर्ट्झची, आणि पॉवर सप्लायमधून गळणारी १०० हर्ट्झची. गिटारवाल्याला ती कानाने ओळखता येते. सहाव्या तारेवर तिसऱ्या पडद्याचा जी ९८ हर्ट्झचा. त्याच्याशी ताडून पाहिलं तर १०० ची भुणभुण त्याला चिकटून, किंचित चढी लागते आणि दोन्ही मिळून हळू हेलकावे घेतात. ५० ची भुणभुण एक सप्तक खाली. माझ्याकडे दोन्ही होत्या आणि वर फॅनचा रेग्युलेटर फिरवला की आणखी एक कर्कश 'झर्र' यायचा.

मल्टिमीटर घेतला. फेज आणि अर्थमध्ये २३० व्होल्टच्या आसपास दिसायला हवेत. माझ्या सॉकेटवर काटा कुठेच ठरेना. इलेक्ट्रिशियनने सॉकेट उघडलं तर अर्थच्या भोकामागे वायरच नव्हती. जुन्या घरांमध्ये हे सर्रास आढळतं. अंगणात खड्डा घेऊन कोळसा आणि मिठाच्या थरांत जीआय पाइप पुरला आणि तिथून मीटरबोर्डापर्यंत व सॉकेटपर्यंत वायर ओढली. उन्हाळ्यात त्या खड्ड्यात अधूनमधून पाणी घालावं लागतं. ५० ची भुणभुण जवळपास गेली. पण हे काम आवाजाच्या आधी जिवासाठी करायचं आहे. गिटारच्या तारा धातूच्या असतात आणि त्या थेट अ‍ॅम्पच्या चासिसला (धातूच्या सांगाड्याला) जोडलेल्या असतात. अ‍ॅम्पमध्ये बिघाड होऊन चासिसवर करंट आला तर तो तारांतून हातात येतो. भुणभुण कमी होते म्हणून प्लगची अर्थची पिन काढून टाकणारे लोक पाहिलेत. कृपा करून असं करू नका.

फॅनचा 'झर्र' इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरमुळे होता. तो दर आवर्तनात करंटचा तुकडा कापून फॅनचा वेग कमी करतो आणि त्या कापाचा कडक आवाज सिंगल कॉइल पिकअप लगेच पकडतो. कपॅसिटरचा, पायऱ्यापायऱ्यांचा रेग्युलेटर बसवल्यावर तो नाहीसा झाला. मोबाइलचा चार्जर अ‍ॅम्पपासून लांबच्या बोर्डावर नेला.

मग खोकं उघडलं. इथे सावध राहा. छोट्या ट्रान्झिस्टर अ‍ॅम्पच्या आत व्हॉल्व्हसारखे तीनशे-चारशे व्होल्ट नसतात, पण स्विच आणि ट्रान्सफॉर्मरच्या एका बाजूला २३० व्होल्ट उघडे असतात. प्लग काढून, थोडा वेळ थांबून मगच हात घालायचा.

आत भुशाच्या फळीचं खोकं, चार लाकडी स्क्रूंवर टांगलेला स्पीकर, लहानसा मॅग्नेट, मागे पूर्ण बंद फळी. मोबाइलवर टोन जनरेटर लावला, ऑक्समधून (बाहेरचं गाणं जोडायच्या जॅकमधून) अ‍ॅम्पला दिला आणि ६० हर्ट्झपासून ५०० पर्यंत अगदी सावकाश वर नेला. एवढ्याने खोकं बोलू लागलं. ११० च्या आसपास पुढच्या जाळीवरची कंपनीच्या नावाची पट्टी तडतडली. १९० ला मागची फळी थरथरली, तिच्यावर तळहात ठेवला की आवाज थांबायचा. त्याच्या थोडं वर इनपुट जॅकची चाकी. गिटार वाजवताना हे सगळे सुरांमध्ये मिसळून जात होते आणि मला वाटत होतं अ‍ॅम्पच खरखरतो. पट्टीमागे दुहेरी टेप, फळीच्या कडेने खिडकीला लावतात ती फोमची पट्टी, जॅकला स्प्रिंग वॉशर. टोन पुन्हा खालून वर नेला, काही बोललं नाही.

स्पीकरसाठी मिरजेतल्याच एका चाचांकडे गेलो. ते स्पीकरचे कोन आणि कॉइल बदलतात. गणपतीचे दिवस जवळ आलेले, त्यामुळे दुकानात १५ आणि १८ इंची स्पीकरांची थप्पी लागलेली. मी अ‍ॅम्प आणि गिटार घेऊनच गेलो होतो. चाचांनी एक ८ इंची काढला, जाड रबराच्या कडेचा, जड मॅग्नेटचा. मी खूश झालो. चाचांनी मान हलवली.

"दादा, मॅग्नेट बघून घेऊ नका. कागद बघा." त्यांनी कोनावर नखाने हलकी टिचकी मारली. 'धब्' असा मेलेला आवाज आला. मग दुसरा घेतला, हलक्या कागदाचा, कडेला रबराऐवजी कागदाच्याच घड्या असलेला. टिचकीला 'टंग' असं उत्तर आलं. "पहिला घरच्या होम थिएटरचा. खाली धमधम करील, पण मधला आवाज मुका. तुमचं वाद्य सगळं मध्येच बोलतं."

दोन्ही लावून पाहिले. टेबलावर भोक पाडलेली एक फळी होती, तिच्यावर स्पीकर पालथा ठेवायचा, मी वाजवायचं. चाचा म्हणाले तसंच. होम थिएटरच्या स्पीकरचा कोन जड असतो, त्यामुळे त्याची सेन्सिटिव्हिटी कमी आणि वरचे-मधले सूर बोथट. कारचा कोअ‍ॅक्सियल स्पीकरही लावला, तर मधल्या ट्विटरने गेनची सगळी चरचर उघड्यावर आणली. मग चाचांनी वरच्या फळीवरून जुन्या व्हॉल्व्ह रेडिओतला एक ८ इंची स्पीकर उतरवला, धूळ झटकली आणि लावला. काय गोड आवाज! हलका पातळ कागद, प्रत्येक सुराला धार आणि तरीही मऊपणा. मी तो मागितला तर चाचांनी नाही म्हटलं. "हे रेडिओ दोन-चार वॉटचे. तुम्ही दहा वॉट सोडलेत की आठवड्यात कॉइल जाळाल. मग माझ्याकडेच याल, पण असा कागद पुन्हा मिळायचा नाही." माणूस विकायला बसला असून नको म्हणतो, तेव्हा त्याचं ऐकावं.

त्या तासाभरात मला काय हवंय ते पक्कं कळलं: कागदी कोन, कागदी घड्यांची कड, हलकं वजन. गिटारचे स्पीकर असेच बनवतात. २ ते ४ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात त्यांचा कोन एकसंध हलेनासा होतो, त्याचे वेगवेगळे भाग वेगवेगळे थरथरतात आणि त्यातूनच गिटारच्या आवाजाला तरतरी येते. हायफायमध्ये जो दोष मानतात तोच इथे गुण ठरतो. शेवटी मुंबईहून सेलेस्टियनचा ८ इंची, १५ वॉटचा, ४ ओहमचा स्पीकर मागवला. या सगळ्या उद्योगातला हाच एक खरा खर्च.

साडेसहाच्या जागी ८ इंची बसवायचा म्हणजे पुढची फळी नवी करावी लागते. आधी कागदाचा गोल कापून तो खोक्यात धरून पाहिला, वरच्या चासिसला मॅग्नेट लागत नाही ना हे खोली मोजून ताडलं. आमच्या सुतारकाकांनी १२ मिलिमीटर प्लायची फळी करून दिली. भोकाचं माप मात्र स्पीकर हातात आल्यावरच दिलं. छापील मापावर भरवसा ठेवून भोक मोठं पडलं तर फळी वाया. स्पीकर लाकडी स्क्रूंऐवजी टी-नट आणि बोल्टवर बसवला. बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे आवळायचे, एकच पूर्ण आवळला तर चौकट पिळली जाते आणि कॉइल घासते.

पहिला सूर वाजवला आणि मित्राच्या घरचा तो क्षण आठवला. १२ इंचीइतका नाही, पण त्याच जातीचा आवाज. तरीही थोडं नाकातलं शिल्लक होतंच. ते आता स्पीकरचं नव्हतं, खोक्याचं होतं. खोक्याची आतली रुंदी २८ सेंटिमीटर. दोन समांतर भिंतींमध्ये आवाज मागेपुढे आदळतो आणि ज्या सुराची अर्धी तरंगलांबी तिथे नेमकी मावते तो सूर फुगतो. हवेत आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर, तेव्हा २८ सेंटिमीटरला हे येतं ६०० हर्ट्झच्या जरा वर. नाकातला आवाज नेमका तिथेच असतो. गादीवाल्याकडून पिंजलेला कापूस आणला, मच्छरदाणीच्या कापडात शिवून पातळ उशा केल्या आणि एका बाजूच्या भिंतीला व तळाला चिकटवल्या. ट्रान्सफॉर्मर आणि हीटसिंकपासून त्या लांबच ठेवायच्या, तिथे हवा खेळती हवी आणि कापूस पेटणारी वस्तू आहे.

मागच्या फळीचे तीन प्रकार करून पाहिले. पूर्ण बंद असताना आवाज घट्ट, पण कोंडलेला. पूर्ण उघडी ठेवली तर मोकळा, खोलीभर पसरणारा. मात्र मागून निघणारा आवाज पुढच्याला खालच्या सुरांत मारतो आणि बूड पुन्हा गेलं. वरची निम्मी झाकून खालची निम्मी उघडी ठेवली, तेव्हा दोन्हींतलं चांगलं हाती लागलं. उघड्या भागाला जाळी मारली, घरात लहान मूल आहे. अ‍ॅम्प भिंतीपासून किती लांब ठेवायचा हे आता जास्त महत्त्वाचं झालं, कारण मागचा आवाज भिंतीवरून परत येतो.

राहिलं सर्किट. गेनच्या टप्प्यात १एन४१४८ या डायोडची जोडी होती. सिलिकॉन डायोड ०.६ व्होल्टच्या आसपास आवाजाची टोकं कापतो, म्हणजे फार लवकर. त्याजागी दोन लाल एलईडी लावले, ते साधारण १.७ व्होल्टला कापतात. कापण्याआधी ९ डेसिबलची जास्त जागा मिळाली. पिक हळू मारलं तर क्लीन, जोरात मारलं तर कडा खरखरीत, असं हाताच्या ताब्यात आलं. एलईडी वाजवताना लुकलुकतात, धाकटीला ते फार आवडलं. पुढच्या टप्प्यात १०० किलोओहमच्या रेझिस्टरवर ४७ पिकोफॅरडचा कपॅसिटर होता. तो काढून ३३० चा लावला. त्याने पाचेक किलोहर्ट्झच्या वरचं सगळं उतरतं. आणि हेडफोनमधली ती असह्य चरचर पहिल्यांदा ऐकण्याजोगी झाली. दोन्ही बदलांचा खर्च एका चहाइतकाही नाही, पण सोल्डरिंगचा हात बसलेला हवा. छोट्या बोर्डांवरचा तांब्याचा पट्टा जास्त तापला की उखडतो.

सर्किटमधली ४५५८ ही आयसी काढून टीएल०७२ लावावी असं बरेच जण आवर्जून सांगतात. आयसीचा सॉकेट बसवून दोन्ही आलटूनपालटून ऐकल्या. रेकॉर्डिंगवर मला दोन्हींत फरक सापडला नाही, आमच्या गिटारच्या सरांनाही नाही. ज्याला हौस आहे त्याने जरूर करावं. पैसे मोजकेच असतील तर स्पीकरसाठी राखावेत.

ईक्यू पेडल, म्हणजे सुरांचे पट्टे वेगवेगळे वर-खाली करणारं पेडल, असेल तर मात्र जरूर वापरा. बॉसचं जीई-७ हे सात पट्ट्यांचं पेडल एका विद्यार्थ्याकडून दोन दिवस आणलं होतं. ८०० हर्ट्झ ३-४ डेसिबल वर, २०० तेवढेच खाली, ६.४ किलोहर्ट्झ बरंच खाली. दोनच नॉबच्या अ‍ॅम्पमध्ये मधल्या सुरांवर आपला काही ताबा नसतो, तो या पेडलने मिळतो. गिटार बाकीच्या वाद्यांमधून वर येते ती याच मधल्या पट्ट्यामुळे. खोलीत एकट्याने वाजवताना मधले सूर कमी केलेला आवाज भारदस्त वाटतो, आणि कुणी तबला किंवा कीबोर्ड घेऊन बसलं की तोच आवाज दिसेनासा होतो.

सध्या दुपारची मांडणी अशी: गेन ३, बेस ३, ट्रेबल ४, अ‍ॅम्प स्टुलावर, निम्मी पाठ उघडी. १०० हर्ट्झची भुणभुण थोडी शिल्लक आहे. पॉवर सप्लायचे २२०० मायक्रोफॅरडचे कपॅसिटर वर फुगलेले दिसतात, ते बदलायचे आहेत, त्याच व्होल्टचे किंवा जास्त व्होल्टचे घेऊन, + आणि − ची दिशा तपासून. आणि मागच्या फळीवर स्विच असलेला एक जॅक बसवायचा आहे. त्यात प्लग घातला की आतला स्पीकर सुटेल आणि बाहेरचा जोडला जाईल. दोन्ही एकदम जोडले जाऊन ओहम ४ च्या खाली जाता कामा नयेत. जॅक प्लास्टिकचा घेतोय, म्हणजे स्पीकरची वायर चासिसला टेकणार नाही. तो बसला की मित्राकडे जाताना मागची फळी उघडत बसावं लागणार नाही, त्याच्या १२ इंचीला सरळ प्लग लावता येईल.